बटण दाबतोय, पण लागत नाही!

(या वेळी रिॲक्ट नेटिव्हवर, म्हणजे अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींसाठी ॲप बनवायच्या साधनावर, ॲप बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: यादीतल्या कार्डावर २० मापाची फुली ठेवली आहे. बोट नीट लागत नाही म्हणून प्रेसेबलला (दाबता येणाऱ्या घटकाला) चारही बाजूंनी १४ हिटस्लॉप (कडेबाहेरची, न दिसणारी स्पर्शाची जागा) दिला, तरी दोन-तीनदा दाबावं लागतं. का?

उत्तर: हिशेब बरोबर आहे: २० अधिक १४ अधिक १४ म्हणजे ४८, आणि अँड्रॉइडची शिफारसही ४८ डीपीचीच (आयओएसची ४४ पॉइंट; डीपी आणि पॉइंट ही पडद्यावरच्या मापाची एककं). पण हिटस्लॉप पालक व्ह्यूच्या (ज्या चौकटीत बटण बसवलंय तिच्या) कडेबाहेर जात नाही, हे अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. घाईत ते नजरेतून सुटतं. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये फुली ज्या ओळीत आहे तिची उंची २८. म्हणजे वर ४ आणि खाली ४, एवढीच जागा उरली. फुली उजव्या कडेला चिकटलेली, तेव्हा तिकडे शून्य. हाती आलं ३४ बाय २८. अंगठ्याला ते अपुरंच.

हिटस्लॉप काढून टाका आणि प्रेसेबललाच १४ पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. ओळ २८ वरून ४८ होईल. ती वाढलेली २० उंची कार्डाच्या वरच्या-खालच्या मोकळ्या जागेतून दहा-दहा कापून भरून काढा. फुली १४ आत सरकेल, तर कार्डाचं उजवं पॅडिंग १६ वरून २ करा. दिसायला सगळं होतं तसंच राहील. तपासताना प्रेसेबलला तात्पुरता भडक रंग द्या. अंदाजाने आकडे वाढवत बसण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न: फॉर्म भरून झाल्यावर ‘जतन करा’ दोनदा दाबावं लागतं. पहिल्या वेळी फक्त कीबोर्ड खाली जातो.

उत्तर: बटण निर्दोष आहे, स्पर्श स्क्रोलव्ह्यू (फॉर्मभोवतीची सरकणारी चौकट) गिळतोय. त्याच्या ‘कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स’ या प्रॉपची (सेटिंगची) मूळ किंमत ‘नेव्हर’ असते: कीबोर्ड उघडा असताना बाहेर कुठेही बोट लागलं की कीबोर्ड मिटवायचा आणि स्पर्श आत सोडायचा नाही. ती ‘हँडल्ड’ करा, म्हणजे बटणावरचा स्पर्श बटणालाच मिळेल. ‘ऑलवेज’ करू नका. मग रिकाम्या जागी दाबूनही कीबोर्ड हटत नाही आणि तक्रारी नव्याने सुरू. एकात एक स्क्रोलव्ह्यू असतील तर बाहेरच्यालाही हेच द्यायला हवं, बहुतेक जण तिथेच अडकतात. फ्लॅटलिस्टलाही (लांब यादी दाखवणाऱ्या घटकालाही) हाच प्रॉप चालतो. ‘हँडल्ड’ केल्यावर बटण दाबलं तरी कीबोर्ड उघडाच राहतो, म्हणून ऑनप्रेसमध्ये (दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ‘कीबोर्ड.डिसमिस’ स्वतः बोलवा.

प्रश्न: घाईत दोनदा टॅप झालं की ऑर्डर दोन जातात. ‘लोडिंग’ स्टेट (काम चालू आहे ही नोंद) ठेवूनही!

उत्तर: स्टेटची नवी किंमत पुढच्या रेंडरला (पडदा पुन्हा रंगवताना) मिळते. दुसरा टॅप त्याआधी आला, तर त्याला जुनीच ‘फॉल्स’ दिसते. कुलूप (दुसरा टॅप अडवणारी खूण) यूजरेफमध्ये (रेंडरची वाट न पाहणाऱ्या साठ्यात) ठेवा, ते त्याच क्षणी बदलतं. उघडायचं मात्र ‘फायनली’त (यश-अपयश काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात), नाहीतर नेटवर्क तुटलं की बटण कायमचं मुकं. स्टेट राहू द्या, बटण फिकं दाखवायला ते लागेलच. आणि ऑर्डरमागे पैसे असतील तर एवढ्यावर विसंबू नका: प्रत्येक ऑर्डरसोबत ॲपमधून एकमेव क्रमांक पाठवा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न बनवता जुनंच उत्तर परत द्यावं.