वाचक विचारतात : जुन्या गिटारच्या तारा उंच का होतात?

प्रश्न : काकांनी अमेरिकेहून आणलेली १९७४ची मार्टिन कंपनीची डी-१८ गिटार माझ्याकडे आली आहे. बरीच वर्षं ती तारा ढिल्या करून केसमध्येच पडून होती. पाचव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे तारा दाबताना बोटं दुखतात. एका दुकानात ‘सॅडल (तारा ज्यावर टेकतात ती छोटी पट्टी) घासून देतो’ म्हणाले. हे घरी करता येईल का? (पुणे)

उत्तर : येईल, पण आधी बाकीची मापं घ्या. १९७४ पासून सॅडलची उंची काही वाढलेली नाही. तारांच्या ताणाने मान पुढे वाकते, मानेचा सांध्यापाशी कोन बदलतो, किंवा ब्रिजच्या (सॅडल ज्यात बसतं त्या लाकडी तुकड्याच्या) मागे वरची फळी फुगते. म्हणजे दोष दुसरीकडे असतो आणि घासलं जातं सॅडल.

साहित्य थोडंच लागतं : अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी स्टीलची पट्टी, ६० सेंटिमीटरची एक सरळ पट्टी, मोटार मेकॅनिककडे असतो तो फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा आणि टॉर्च.

१२–५३च्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३ इंच) लाइट तारा लावा. पूर्ण सुरात असताना त्यांचा एकूण ताण साधारण ७३ किलो असतो. १३–५६च्या संचात तो ८४च्या आसपास जातो, त्यामुळे या गिटारवर तो नकोच. पहिल्या दिवशी दोन स्वर खालीच लावा आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. कागद आत शिरला तर सरस सुटला आहे. तारा उतरवा आणि आधी ब्रिज नीट चिकटवून घ्या. आरशाने आतली ब्रिजप्लेटही (ब्रिजखाली आतून चिकटवलेली फळी) तपासा. तारांच्या टोकांचे गोळे तिच्यावर टेकलेले हवेत. भोकं झिजून गोळे लाकडात घुसले असतील तर तेही कारागिराचं काम. सगळं ठीक असेल तर पूर्ण सुरात लावून एक दिवस तशीच ठेवा. मापं त्यानंतर, आणि नेहमी सुरात असतानाच घ्यायची.

पहिलं माप मानेच्या वाकाचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड ई तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. जास्त असेल तर फिरवायला ट्रस रॉडची (मानेतला वाक कमी-जास्त करणाऱ्या दांड्याची) चावी शोधू नका. मार्टिनने फिरवता येणारा रॉड १९८५ मध्ये आणला. तुमच्या मानेत पोलादी नळी आहे, ती पिळता येत नाही. ११–५२च्या हलक्या तारांनी थोडा फरक पडतो. तेवढ्यावर भागलं नाही तर जाड बुडाचे फ्रेट ठोकून मान सरळ करतात, पण ते घरचं काम नव्हे.

दुसरं माप सर्वांत महत्त्वाचं. लांब पट्टी फिंगरबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या फळीच्या) मधोमध फ्रेट्सवर ठेवून ब्रिजकडे न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम लागलं तर मानेचा कोन चांगला आहे. टोक माथ्याच्या दीड-दोन मिलिमीटर खाली, ब्रिजच्या पुढच्या बाजूवर आपटलं, तर मान काढून नव्या कोनात बसवावी लागणार. पन्नास वर्षांच्या गिटारला हे लागणं स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका. मात्र अशा वेळी सॅडल घासणं किंवा ब्रिजच तासून पातळ करणं हे गिटारचं नुकसान आहे. तारांचा ब्रिज पिनांकडे (ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या खुंट्यांकडे) उतरणारा कोन सपाट होतो, आवाज दबतो, आणि पुढे मान नीट बसवल्यावर नवं सॅडल, कधी नवा ब्रिजही करावा लागतो.

आता बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. जाड ई २.४ आणि बारीक ई १.८ मिलिमीटर असली की बहुतेकांना आरामात वाजवता येतं. बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं, त्याच्या दुप्पट सॅडल उतरवावं लागतं. समजा जाड ई ३.२ आहे, म्हणजे ०.८ कमी हवं, सॅडल १.६ ने उतरणार. सॅडल ब्रिजच्या वर तीनच मिलिमीटर दिसत असेल तर उरेल १.४. हे फार कमी, निदान दोन उरले पाहिजेत. हिशेब बसत असेल तर मूळ सॅडल जपून ठेवा आणि हाडाचं नवं बनवा. घासायचं ते बुडाकडून : काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, सॅडलवर पेन्सिलीची रेघ मारा, उभं धरून हळूहळू घासा. बूड गोलसर झालं तर काही तारा दबक्या वाजतात.

नटही (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) पाहा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी, साधारण ०.१ मिलिमीटर फट हवी. खाच जास्त खोल झाली तर मोकळी तार झणझणते.

याच काळातल्या मार्टिनमध्ये आणखी एक दोष आढळतो : ब्रिजची जागाच थोडी चुकलेली. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर सगळ्याच तारांवर स्पष्ट चढा असेल तर सॅडलची खाच बुजवून मागे नवी कापावी लागते.

प्रश्न : पिकगार्डच्या (भोकाशेजारी चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या) कडेने, ब्रिजपासून भोकाकडे बारीक चीर गेली आहे. गिटार मार्टिनचीच, १९७०च्या दशकातली. (न्यू जर्सी)

उत्तर : त्या काळात पिकगार्ड थेट कच्च्या लाकडावर चिकटवत. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आक्रसतं आणि खालच्या स्प्रूसच्या लाकडाला ओढून फाडतं. ते कोरडं उपटू नका, लाकडाचे तंतू सोबत निघतात. हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली की चीर वाढते. केसमध्ये ह्युमिडिफायर आणि आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के राखा, आणि चीर लवकर सांधून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात तारा उंच होतात, एप्रिलमध्ये झणझणतात. दर वेळी सॅडल बदलू का? (नाशिक)

उत्तर : एकाच गिटारसाठी दोन सॅडल ठेवणं ही चांगली सोय आहे, पावसाळ्याचं अर्धा मिलिमीटर बुटकं. दमट हवेत फळी फुगून ब्रिज वर येतो, कोरड्यात खाली बसतो. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलावल्या की बदला.