पाटीवरचा भाव आणि दस्तातला भाव

प्रश्न : आयटीतल्या नोकऱ्या डळमळल्या, बाजार थंडावला असं सगळे म्हणतात. पण वाकडला ज्या बांधकाम चालू असलेल्या टू-बीएचकेची चौकशी करतोय, त्याचा भाव वर्षभर हललेला नाही. बिल्डर म्हणतो, ‘७२ लाखांत सगळं, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी आमच्याकडे.’ मग मंदी आहे कुठे? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : मंदी त्या ‘सगळं’ या शब्दात आहे. बिल्डर पाटीवरचा भाव सहसा उतरवत नाही. उतरवला, तर आधी बुकिंग केलेले लोक ऑफिसात येऊन बसतात. शिवाय कमी भावाचा एक दस्त नोंदला गेला की पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तोच दाखवतं. म्हणून सूट मागच्या दाराने येते: पार्किंग फुकट, वरच्या मजल्याचा जादा दर माफ, मॉड्युलर किचन, नाहीतर तुम्हाला सांगितली तशी करांची सूट.

आता हिशेब मांडा. पुण्यात पुरुषाच्या नावे मुद्रांक शुल्क ७ टक्के, ४५ लाखांवरच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. करारनामा ७२ लाखांचा धरला, तर शुल्क ५.०४ लाख, जीएसटी ३.६० लाख आणि नोंदणी ०.३० लाख. हे सगळं भरून बिल्डरच्या हातात ६३.०६ लाख उरतात. हा त्या घराचा आजचा भाव. घासाघीस ७२ वरून नाही, ६३ वरून सुरू करायची.

मग शेजारच्या, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला पालिकेची परवानगी) मिळालेल्या सोसायटीत तेवढंच घर ६३ लाखांना मिळतंय का पाहा. तिथे जीएसटी लागत नाही. शुल्क ४.४१ लाख आणि नोंदणी धरून ६७.७१ लाखांत काम होतं, आणि ताबा लगेच. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्क १ टक्क्याने कमी होतं. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाला ही सवलत नाही.

खरे भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर, ‘ई-सर्च’मध्ये फुकट दिसतात. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकायचा (नंबर महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर, प्रकल्पाच्या पानावर असतो). सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) उघडली की ‘मोबदला’ (व्यवहाराची किंमत), ‘बाजारभाव’ (सरकारी दराने येणारी किंमत) आणि ‘क्षेत्रफळ’ हे तीन रकाने वाचा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढा आणि मोबदल्याला त्याने भागा. शेवटच्या सहा महिन्यांतले आठ-दहा दस्त पुरेत. नव्या घरांच्या मोबदल्यात फुकट पार्किंग, किचन वगैरे दडलेलं असतं, म्हणून आमचा भरवसा त्याच गल्लीतल्या रीसेलच्या दस्तांवर जास्त.

आणि ‘ड्युटी आमच्याकडे’ हे तोंडी ऐकून पैसे देऊ नका. सूट करारनाम्यात किंवा सहीशिक्क्याच्या अलॉटमेंट लेटरमध्ये आकड्यासह लिहून घ्या.

प्रश्न : माझ्या फ्लॅटची रेडी रेकनरने, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराने, किंमत ८० लाख येते. गिऱ्हाईक ७० लाखांच्या वर जात नाही. विकू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : विका, पण ७० ला नको. मंदीत सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. बाजार पडला तरी रेकनरचा दर लगेच खाली येत नाही आणि मुद्रांक शुल्क रेकनरची किंमत आणि व्यवहाराची किंमत यांतल्या मोठ्या रकमेवरच लागतं. त्यातून आयकर वेगळा. रेकनरची किंमत व्यवहाराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर तुमचा भांडवली नफा ८० लाखांवर मोजतात आणि तुटीचे पूर्ण १० लाख खरेदीदाराच्या उत्पन्नात धरतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हा भुर्दंड अधिभार-उपकर सोडूनही ३ लाखांचा.

८० ला १.१ ने भागलं की ७२.७३ लाख येतात. ७३ लाखांना व्यवहार झाला, तर दोघेही या कचाट्यातून सुटता. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. ३ लाख जास्त देणं त्याच्याही सोयीचं आहे. त्याआधी ८० चा आकडा नीट तपासून घ्या. इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो, पण वयाचा पुरावा (भोगवटा प्रमाणपत्र किंवा जुनी मालमत्ता कर आकारणी) जोडला नाही तर तो बहुधा राहून जातो. तरीही आकडा अवास्तव वाटला, तर दस्तावर सह्या होण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी (दस्तावरचं शुल्क त्यांच्याकडून ठरवून घेण्यासाठी) अर्ज करता येतो.

प्रश्न : अर्धवट इमारतीत स्वस्त मिळतंय म्हणून बुकिंग करावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : महारेराच्या पानावर मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिमाही माहितीत सलग दोन वेळा स्लॅबचा आकडा तोच असेल, तर काम थांबलंय. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागणं बेकायदा आहे. ताबा लांबला आणि तुम्हाला बाहेर पडायचं असेल, तर कायद्याने व्याजासह पैसे परत मिळतात. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाचा पायाभूत दर) आणखी २ टक्के. मात्र आदेश मिळणं वेगळं आणि वसुली होणं वेगळं. डबघाईला आलेल्या बिल्डरकडून वसुलीला वर्षं जातात, म्हणून आमचं मत: सहावा मजला घेत असाल, तर सहावा स्लॅब पडलेला डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या.

प्रश्न : नोकरीची खात्री नाही. चालू गृहकर्जाचं काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : सहा हप्त्यांइतकी रक्कम आधी बाजूला काढा, मुदतपूर्व फेड त्यानंतर. व्याजदर उतरले की बँका बहुतेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. तुम्हाला सध्या हप्ता कमी हवा असेल, तर तसा लेखी अर्ज द्यावा लागेल. नोकरी गेलीच, तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं बुडीत वर्गात जातं, त्यानंतर ६० दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि तिथून पुढे बोलणी फार अवघड होतात.