बोक्याच्या तोंडात काटाच असेल असं धरून चालू नका

तुमचा बोका वाटीपाशी येतो, बांगड्याचा तुकडा तोंडात घेतो नि किंचाळून मागे सरतो, लाळ गळते, ताप येतो-जातो, इंजेक्शनने चार दिवस बरा असतो. हे वाचलं आणि आमचा गुंड्याच आठवला. आम्ही मालवणजवळ राहतो. इथे मांजराने खाणं सोडलं की सगळ्यांचं निदान एकच, काटा अडकला. मीही बॅटरी घेऊन त्याचा जबडा उघडायला बसलो. दोन चावे खाल्ले, काटा काही दिसला नाही. दिसल्या त्या दाढांमागच्या लालभडक, मांसासारख्या हिरड्या. पुढच्या पंज्यांचे केस लाळेने तपकिरी, चिकट झालेले. तिथेच कळायला हवं होतं.

दवाखान्यातही (नाव घेत नाही) काटाच ठरला. इंजेक्शन दिलं, संध्याकाळी गुंड्या जेवला, मी खूश. पंधरा दिवसांनी परत तेच. असे चार महिने गेले. सुईत काय आहे हे मी एकदाही विचारलं नाही, ही माझी घोडचूक. शेवटी कागद मागितला तेव्हा कळलं, दर वेळी स्टेरॉइड. सूज उतरायची म्हणून तो खायचा, मूळ दुखणं तसंच, वर प्रतिकारशक्ती आणखी दबायची. रक्त तपासू या म्हटलं तर उत्तर मिळालं, ‘मांजराचं कसलं रक्त तपासता?’ म्हशीचं दुखणं तेवढं दुखणं, मांजर म्हणजे कौलावरचं फुकटचं जनावर! अजून डोकं फिरतं.

फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. दोन-चार थेंब रक्त, किटवर थोड्याच वेळात एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू) पॉझिटिव्ह. मांजरांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषाणू नव्हता, नशीब. एफआयव्ही मुख्यतः चाव्यातून पसरतो, म्हणून रात्री भांडून येणारे, नसबंदी न झालेले बोके त्यात जास्त सापडतात. ल्युकेमिया मात्र चाटण्यातून, एका वाटीतून, आईकडून पिल्लांनाही जातो. घरात आणखी मांजरं असतील तर त्यांचीही तपासणी करा. ट्रायकॅटची (मांजरांना नेहमी देतात ती) लस दिलीय म्हणून निर्धास्त राहू नका, ती या दोघांवर नाही.

चावा ताजा असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका, दोनेक महिन्यांनी पुन्हा करा. सहा महिन्यांखालच्या पिल्लाचा एफआयव्ही पॉझिटिव्हही आईच्या अँटिबॉडीमुळे असू शकतो.

मी डॉक्टर नाही. किडनी बिघडली तरी वजन उतरतं, नुसत्या दातांच्या रोगानेही लाळ गळते. पण गाठी सुजणं, न भरणारी जखम, सर्दी-जुलाब सारखे उलटणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, यातलं दोन-तीन एकदम दिसलं तर मी तपासणीशिवाय पुढची सुई टोचू देणार नाही. स्टेरॉइड वाईटच असं नाही, पण आंधळेपणी नको. आणि तापावर घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

गुंड्याच्या दाढा काढाव्या लागल्या. आता मऊ भातात कुस्करलेला, काटे काढलेला बांगडा गिळतो, रात्री घरातच. वजनासाठी त्याला घेऊन वजनकाट्यावर उभा राहतो, माझं वजा करतो. दर रविवारी वहीत लिहितो.

शेजारचे ‘घरात पोरं आहेत, सोडून द्या’ म्हणतील. हे दोन्ही विषाणू माणसाला लागत नाहीत, तेव्हा सोडू नका. आधीच्या इंजेक्शनांची नावं तेवढी उद्याच लिहून घ्या, पुढचा डॉक्टर पहिलं तेच विचारेल.