वाहनधारकांचे प्रश्न : इंजिन ऑइलची गळती

प्रश्न : माझा दहाचाकी ट्रक लांज्याच्या परिसरातील खाणींवरून जांभा चिरा भरून साखरपा, आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे जातो. पावसाळा संपल्यापासून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडापाशी ऑइल ठिबकू लागले. गिअरबॉक्स उतरवून क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील बदलले, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. सील दुसऱ्यांदा बदलले, तरी आता तिसऱ्यांदा ठिबकते आहे. सपाट रस्त्यावर फारसे दिसत नाही, मात्र घाट चढून माथ्यावर थांबलो की खाली थेंब पडलेले असतात. बाजारात सील नकली मिळतात, की बसवण्यात चूक होते? (एक ट्रकमालक, लांजा)

उत्तर : दोन्ही शक्य आहे, पण घाट चढल्यावरच ऑइल दिसते, हे आपल्या पत्रातील वाक्य मला सीलपेक्षा महत्त्वाचे वाटते. भरलेली गाडी चढणीला लागली की इंजिन मागे कलते, ऑइल मागच्या बाजूला साचते आणि त्याच वेळी इंजिनवरचा भारही सर्वांत जास्त असतो. म्हणजे मागच्या बाजूचा कोणताही कच्चा जोड नेमका तेव्हाच पाझरणार. तो जोड क्रँकच्या सीलचाच असेल असे नाही.

थेंब जिथून पडतो तिथेच गळती असते, हा समज सोडून दिला पाहिजे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरील झाकणाच्या, पॅकिंगमधून मागच्या कोपऱ्यात ऑइल झिरपले, तर ते ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाच्या) तळाशी येते आणि तिथून ठिबकते. टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) ऑइल रिटर्न पाइप, ऑइल प्रेशरचा स्विच, एअर कॉम्प्रेसरला जाणारी ऑइलची नळी यांतून सुटलेले ऑइलही धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाऊन शेवटी तिथेच पोचते. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एका गाडीचा गिअरबॉक्स दिवसभर खपून उतरवला होता आणि आत फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकावरचे जड चाक, कोरडे ठणठणीत निघाले होते. दोष होता वरच्या स्विचचा. तेव्हापासून टॉर्च आधी वर मारायची सवय लागली.

आपण संध्याकाळी गाडी रिकामी असताना एवढे करावे. अल्टरनेटर आणि स्टार्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून इंजिन डिझेल व ब्रशने आणि नंतर साबणाच्या पाण्याने धुवावे, हवा मारून पूर्ण कोरडे करावे आणि संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. मग इंजिन वीस मिनिटे चालू ठेवून, शक्य झाल्यास एक छोटा चढ चढवून आणून, वरून खाली अशा क्रमाने पाहावे. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली काळपट रेघ जिथे उमटेल, ती खरी जागा. बेल हाउसिंगच्या तळाशी बहुतेक गाड्यांना एक छोटे झाकण किंवा भोक असते, त्यातून आतही पाहावे. बाहेरची भिंत ओली आणि आतली कोरडी असेल, तर गळती वरून येते आहे. आत ओले असेल, तर बोटावर घेऊन वास पाहावा. काळे आणि पातळ असेल तर ते इंजिनचे. दाट, फिकट आणि गंधकासारखा उग्र वास येणारे असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे सील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे गेले आहे आणि आपण दोनदा भलतेच सील बदलले.

समजा, गळती क्रँकच्या सीलचीच निघाली. तरीही नवे सील आणण्याआधी ते सारखे का जाते, हे विचारावे. चिरेखाणीवर चालणाऱ्या गाडीत माझा पहिला संशय ब्रीदरवर असतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा दाब नेहमीच खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात) उतरतो आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. खाणीची तांबडी धूळ आणि ऑइलची वाफ मिळून त्या नळीत गेरूसारखा लगदा तयार होतो. दाबाला वाट उरली नाही की तो सर्वांत कमजोर सीलच्या ओठातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी कितीही अस्सल सील बसवले तरी ते टिकत नाही. नळी काढून धुण्यास अर्धा तासही लागत नाही.

ब्रीदर मोकळा असूनही संशय राहिला, तर गरम इंजिन मंद गतीवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उलटे करून तोंडावर नुसते ठेवावे. ते थोडे थरथरले तर हरकत नाही. उडून पडले किंवा तोंडातून फसफस धूर आला, तर गॅरेजच्या भाषेत इंजिनला ‘बॅक कॉम्प्रेशन’ आहे, म्हणजे रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. मग एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची रबरी नळीही तपासावी, कारण तिथे बारीकशी चीर असली तरी जांभ्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. चीर दोन बोटांची, खर्च मात्र पूर्ण इंजिनाचा, असे मी खाणीच्या गाड्यांत पाहिले आहे. याशिवाय ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले नाही ना, हेही पाहावे. घाटात कमी पडू नये म्हणून लिटरभर जादा ओतण्याची चालकांची सवय उलट त्रास वाढवते.

हे सर्व ठीक असेल तरच गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा. या वेळी क्रँकच्या ज्या भागावर सीलचा ओठ घासतो, तिथे नख फिरवून पाहावे. नख अडकेल एवढी खाच पडली असेल, तर नवे सील त्याच खाचेवर बसून पुन्हा गळणार, आणि बहुधा आपल्याकडे हेच झाले असावे. त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात, किंवा सीलच्या जागेत वाव असेल तर ते एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ ताज्या पृष्ठभागावर आणतात. फ्लायव्हील पहारीने पुढे-मागे रेटून क्रँकचा खेळ, म्हणजे ढिलेपणाही पाहून घ्यावा. काळ्या रबरी सीलच्या ओठाला ऑइलचा हात देतात. पांढरट किंवा तपकिरी टेफ्लॉनचे सील मात्र कोरडेच बसवायचे असते आणि सोबत आलेल्या प्लास्टिकच्या कड्यावरूनच आत सरकवायचे असते. जुन्या सवयीने त्यालाही ऑइल चोपडले की ते शाफ्टवर नीट बसत नाही. गिअरबॉक्स खाली आहेच, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून घ्यावे.

प्रश्न : आमची गाडी आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जाते आणि बाकीचे दिवस जेटीजवळ उभी असते. चेंबरच्या तळाला ओल येते. एम-सील लावले की महिनाभर थांबते. कायमचा उपाय काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : चेंबर बदलणे. खारी हवा आणि चाकांनी उडवलेला चिखल यांमुळे पत्र्याचा चेंबर बाहेरून गंजत जातो आणि सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. एम-सील घरापर्यंत येण्यापुरते ठीक आहे. वेल्डिंग करायचेच असेल, तर चेंबर काढून, आतून पूर्ण धुऊन मगच करावे; गाडीला लागलेल्या चेंबरवर कधीही नाही. नवा बसवताना त्याची कड सपाट आहे का ते पाहावे, कारण बोल्ट जोराने आवळल्याने भोकांभोवती पत्रा वर उचललेला असतो. बोल्ट मधून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जात, थोडे थोडे आवळावेत. पॅकिंगवर सिलिकॉन थापण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. बाहेर पिळून निघते तेवढेच सिलिकॉन आतही जाते, तिथून सुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकून प्रेशर बसवते. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. आणि नव्या चेंबरला पावसाआधी रंगाचा एक हात द्यावा.

प्रश्न : मासळीच्या गाडीचे ऑइल पंधरा दिवसांत डिपस्टिकच्या खालच्या खुणेवर येते, पण खाली एकही थेंब नाही. (एक चालक, रत्नागिरी)

उत्तर : मग ते जळते आहे किंवा ब्रेकच्या हवेच्या टाकीत जाते आहे. सकाळी सुरू करताना निळसर धूर येत असेल, तर व्हॉल्व्हची सीले किंवा रिंगा पाहाव्यात. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी नळी आतून ओलीचिंब असेल, तर टर्बो. यांपैकी काहीच नसेल, तर ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर पाहावा, कारण त्याला ऑइल इंजिनमधूनच मिळते आणि त्याच्या रिंगा झिजल्या की ते हवेबरोबर टाकीत जाते. टाकीचा कॉक सोडताना खाली पांढरा कागद धरावा. आपल्या दमट हवेत पाणी निघणारच, त्याची काळजी नको; पण कागदावर काळा, चिकट डाग उमटला, तर कॉम्प्रेसर लगेच खोलावा, कारण तेच ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हमधील रबरही फुगवते.