वाचकांचे प्रश्न : ताणलेली दोरी आणि ‘सोडा!’चा हुकूम

प्रश्न : आमच्या गणेशोत्सवातल्या ऐतिहासिक नाटिकेत दहा तिरंदाज आहेत. ते दोरी ताणून उभे राहतात आणि सेनापतीने ‘सोडा!’ म्हटलं की बाण सुटतात. लढाईत असंच होत असे का? शेवटी पेटते बाणही आहेत.
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पहिला बाण इशाऱ्यावर एकदम सुटू द्या, तेवढं पटतं. खटकतं ते ताणून वाट पाहणं. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरची बरीचशी धनुष्यं पूर्ण ताणायला ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या ऑलिंपिक खेळाडूला वीस-बावीस किलो पुरतात. एवढा भार धरून ठेवला की काही सेकंदांत खांदा थरथरतो, ताण सुटतो, बाण अलीकडेच पडतो. म्हणून बाण दोरीवर चढवून धनुष्य खालीच ठेवायचं, लक्ष्य हेरायचं, मग एका दमात ताणून सोडायचं. हुकमाची वाट पाहत रोखून धरता येते ती बंदूक. तिथे जोर दारूचा असतो.

पहिल्या बाणानंतर ज्याची त्याची गती. इंग्रज तिरंदाजाच्या जुडीत २४ बाण असत. मिनिटाला सहा सोडले तर चार मिनिटांत हात रिकामे! त्यामुळे आभाळ झाकणारा अखंड वर्षाव विसरा. लांबून उंच सोडलेला बाण रांगा विस्कटतो, घोडे बिथरवतो. चिलखतावर परिणाम हवा तर शत्रू जवळ येऊ द्यावा लागतो.

नाटिकेचा काळ तुम्ही कळवलेला नाही. मुघल काळ असेल तर दोरी तीन बोटांनी नव्हे, अंगठ्याने ओढायला शिकवा. अंगठ्यात जाड अंगठी, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला. ती धनुष्यं लाकडाची, आतून शिंग आणि बाहेरून जनावरांच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचे) धागे सरसाने चिकटवलेली. दमट हवेत सरस ढिला पडतो, म्हणून पावसातली लढाई दाखवू नका.

पेटते बाण गवती छपरं, गलबतं, वेढ्यातली लाकडी बांधकामं यांच्यासाठी. चिंध्यांच्या वजनाने पल्ला घटतो, वेगात ज्योत विझते. मैदानात त्यांचा उपयोग नाही, आणि मांडवात तर नकोच.

तालमीत बाण न लावता दोरी ताणून सोडू देऊ नका. बाणात जायचा जोर धनुष्याच्याच बाहूंत उरतो आणि ते तडकतं. ताणलेली दोरी न सोडता, हातात धरूनच सावकाश मूळ जागी आणायला लावा.