निळी टोपी चढवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी तुझी निवड झाल्याचं वाचून ऊर भरून आला. तयारी काय करू, असं विचारतोस. अंगमेहनत तुझी पलटण करून घेईलच. तू स्वीडनच्या जनरल कार्ल फॉन हॉर्न यांची कारकीर्द नीट अभ्यास.

१८१४ नंतर एकही युद्ध न लढलेल्या देशाचा हा अधिकारी. १९५८ मध्ये ते जेरुसलेमला संयुक्त राष्ट्रांच्या युद्धविराम निरीक्षकांचे प्रमुख झाले. काही आठवड्यांतच, २६ मे रोजी, माउंट स्कोपसवर गोळीबार झाला. चहूबाजूंनी जॉर्डनचा ताबा आणि मधोमध इस्रायली वस्तीचा तुकडा, अशी ती जागा. जखमींना बाहेर काढायला कॅनडाचे लेफ्टनंट कर्नल जॉर्ज फ्लिंट पुढे गेले आणि गोळी लागून गेले. निरीक्षकाकडे बंदूक नसते. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला, तरच तो सुरक्षित.

मग १९६० च्या जुलैत काँगो. तिथे संयुक्त राष्ट्रांची फौज आधी उतरली, सेनापती फॉन हॉर्न मागून पोचले! नाना देशांच्या तुकड्या, स्वतःचं मुख्यालय नाही, जेरुसलेमहून सोबत आणलेले मोजके अधिकारी, आणि शेवटचा शब्द न्यूयॉर्कच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाचा. वर्ष संपता संपता ते जेरुसलेमला परतले.

खरा अभ्यास येमेनचा कर. १९६३ मध्ये तिथल्या यादवी युद्धात इजिप्तची फौज नव्या प्रजासत्ताकाच्या मदतीला होती, सौदी अरेबिया पदच्युत राजाच्या, म्हणजे इमामाच्या बाजूने. इजिप्तने सैन्य काढायचं, सौदीने मदत थांबवायची, असं ठरलं. त्यावर नजर ठेवायला संयुक्त राष्ट्रांची मोहीम, तिचा खर्चही याच दोघांच्या माथी. फॉन हॉर्न यांच्या हाताखाली माणसं दोनशेच्या आसपास, समोर डोंगर आणि वाळवंट. बघायचं आणि कळवायचं, एवढाच अधिकार. कुणाला अडवायचा नाही. विमानं आणि रसद यांवरून न्यूयॉर्कशी त्यांचे खटके उडाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या जागी आले आपले लेफ्टनंट जनरल ग्यानी. सुरक्षा परिषदेने अधिकार आखून दिलेला ठराव तोच, डोंगर तेच. त्यांनी तेवढ्यात निभावलं आणि १९६४ मध्ये सायप्रसच्या शांतिसेनेची धुराही त्यांच्याकडेच आली.

फॉन हॉर्न यांची तक्रार मला रास्त वाटते. उपाशी माणूस पहारा देत नाही. पण माझं मन ग्यानींकडे झुकतं. अपुऱ्या अधिकारातही वाळवंटातल्या चौकीवर कुणीतरी बसलेलं असावं लागतं. तो उठला की खाली काय चाललंय, हे सांगणारंच कुणी उरत नाही.

येमेनचा ठराव, क्रमांक १७९, अगदी छोटा आहे. तो आधी वाच. मग तुझ्या मोहिमेचा ठराव घे, 'अडवणे' आणि 'कळवणे' यांपैकी तुला काय करायचंय ते पेन्सिलीने अधोरेखित कर. रेशन, वाहनं, वायरलेस, जखमींना हलवायचं हेलिकॉप्टर कोण पुरवणार, हे निघण्याआधी लेखी विचार. उत्तरं आली की मला पाठव, आपण मिळून वाचू.

तुझा,
काका