गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान, मग जॉनी कॅशने गायलं काय?

जॉनी कॅश या अमेरिकन गायकावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाची गाडी एका वाक्यापाशी अडली आहे. मूळ वाक्य साधंच: कॅश हा कंट्री गायक, आणि त्याने १९५९ साली गॉस्पेल गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड केला. कच्च्या खर्ड्यात मात्र ते असं उतरलंय: 'जॉनी कॅश या देशी गायकाने १९५९ साली शुभवर्तमानाचा अल्बम नोंदवला.' वाक्य बिघडलंय हे त्यांना कळतंय. 'भजनांचा अल्बम म्हटलं तर चालेल का?' असं त्यांनी विचारलंय.

'नोंदवला' आधी काढून टाका. तक्रार नोंदवतात, गुन्हा नोंदवतात, फार तर शतक नोंदवतात. गाणं ध्वनिमुद्रित करतात, आणि बोलताना आपण सगळेच सरळ 'रेकॉर्ड केलं' म्हणतो. अल्बम काढतात किंवा करतात.

'देशी'ची गंमत वेगळी. महाराष्ट्रात 'सरकारमान्य देशी' एवढं वाचलं की पुढचा शब्द कोणता ते पोरंही सांगतील. त्यामुळे 'देशी गायक' म्हटल्यावर माणूस नक्की कुठे बसून गातो असा प्रश्न पडतो. पंचाईत अशी की 'कंट्री' या शब्दाचीही आपण तीच गत करून ठेवली आहे. 'कंट्री मारून आलाय' हे वाक्य कुणी ऐकलं नसेल? तरीही मी 'कंट्री'च ठेवीन. 'लोकगायक' म्हणता येणार नाही, कारण कंट्री हा १९२०च्या दशकापासून रेकॉर्ड कंपन्यांनी घडवलेला, विकलेला बाजारातला संगीतप्रकार आहे, आणि लोकगीतांचा कप्पा त्यांच्याकडे निराळा आहे. 'ग्रामीण गायक' म्हणजे तर विनोदी कथाकथनाच्या कार्यक्रमातला वाटतो.

आता गॉस्पेल. शब्दकोशात पाहिलंत तर 'शुभवर्तमान' सापडतं, आणि ते अगदी अचूक आहे. जुन्या इंग्रजीत 'गोड' म्हणजे चांगलं आणि 'स्पेल' म्हणजे वार्ता, कथा. चांगली वार्ता. बायबलातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच, इंग्रजांनी तो आपल्या भाषेत जसाच्या तसा घडवून घेतला. पुढे उच्चारातला दीर्घ ओ आखूड झाला आणि लोकांना त्यात 'चांगलं' ऐवजी 'देव' ऐकू येऊ लागला. आपल्या 'गोड'शी त्याचं काही नातं नाही, निव्वळ योगायोग. पण 'गोड बातमी' म्हटल्यावर मराठी घरात एकच अर्थ निघतो, आणि बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाची, म्हणजे लूकने सांगितलेल्या येशूच्या कथेची, सुरुवात खरोखरच दोन गोड बातम्यांनी होते, आधी मरियेच्या नात्यातल्या अलीशिबेची आणि मग येशूची आई मरिया हिची. हे सुचल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

'शुभवर्तमान'मधलं 'वर्तमान' आज बऱ्याच जणांना अडखळवतं, कारण आपल्या डोक्यात वर्तमान म्हणजे भूत आणि भविष्य यांच्या मधला काळ. पण वर्तमानपत्र काळाविषयी नसतं. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमी, खबर. पेशवाईतली पत्रं उघडा, 'इकडील वर्तमान', 'तिकडील वर्तमान' जागोजागी भेटेल. मराठी बायबलात हा शब्द बसला तेव्हा तो रोजच्या वापरातला होता. आज रोजच्या वापरातून तो गेला, उरला फक्त वर्तमानपत्रात आणि मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावांपुढे. कॅथलिक मंडळींत 'सुवार्ता'ही चालतो. वसईहून निघणाऱ्या मासिकाचं नावच ते आहे, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा ग्रंथासाठी दोन्ही शब्द उत्तम.

अडचण अशी की कॅशने ग्रंथ गायला नव्हता.

इंग्रजीत हा शब्द एका जागी थांबलाच नाही. आधी वार्ता, मग वार्तेचा ग्रंथ. 'गॉस्पेल ट्रुथ' म्हणतात तेव्हा ग्रंथही मागे पडतो. तिथे आपलं 'वेदवाक्य' चपखल बसतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मोठमोठ्या धर्मसभा भरू लागल्या, तिथे जमलेल्या हजारोंना लगेच म्हणता येतील अशी सोप्या चालीची, ठसठशीत धृपदाची गाणी लागायची. ब्लिस आणि सँकी या गायक-गीतकारांनी १८७५ साली काढलेल्या गीतपुस्तकाच्या नावात 'गॉस्पेल हिम्स' हे शब्द आले (हिम म्हणजे चर्चमध्ये म्हणायचं गीत) आणि वार्तेचं गाणं झालं. १९३०च्या दशकात शिकागोत थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय पियानोवादकाने, जो आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, वाजवायचा, चर्चच्या गाण्यात ब्लूजची लय आणली. आज गॉस्पेल म्हटलं की जगाच्या कानात वाजतं ते बहुतेक करून हेच. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या गायक-चौकड्यांच्या चारपदरी गाण्यालाही गॉस्पेलच म्हणतात. आणि हे दोन कप्पे वाटतात तितके बंद नाहीत: डॉर्सीने १९३७ साली लिहिलेलं 'पीस इन द व्हॅली' १९५१ साली गाजवलं ते रेड फोली या कंट्री गायकाने.

कॅश या मुशीतलाच. अर्कान्सामधल्या डायस गावी कापसाच्या रानात वाढलेला, आईच्या तोंडून चर्चची गाणी ऐकलेला. मेम्फिसमध्ये सन रेकॉर्ड्स या कंपनीचा मालक सॅम फिलिप्स याच्याकडे तो पहिल्यांदा गेला तो गॉस्पेल गायचं म्हणूनच. फिलिप्सने नकार दिला, कारण गॉस्पेल खपत नाही. हे वाक्य आता शब्दकोशाच्या हवाली करून पाहा: 'शुभवर्तमान खपत नाही.' पाद्रीबुवा दुकान बंद करून निघाल्यासारखं वाटतं! फिलिप्सच्या तोंडी गॉस्पेल हा माल होता, दुकानातला एक कप्पा. 'शुभवर्तमान' हा शब्द त्या कप्प्यात मावत नाही, आणि मावू नये.

१९५८मध्ये कॅश कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, आणि पुढच्या वर्षी त्याने हवा तो अल्बम काढला. आता गंमत बघा. अल्बमच्या नावात गॉस्पेल नाहीच, 'हिम्स' आहे. आतल्या गाण्यांतली बरीचशी चर्चच्या पुस्तकातली जुनी गाणी नव्हेत. काही खुद्द कॅशने रचलेली आहेत, आणि 'स्विंग लो, स्वीट चॅरिअट' हे तर गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ज्याला स्पिरिच्युअल म्हणतात. नावात हिम, आत स्पिरिच्युअल, आणि दुकानात मांडायचं गॉस्पेलच्या फळीवर. इंग्रजीच जिथे इतकी सैल आहे तिथे एका मराठी शब्दाने तिन्ही बांधायचा हट्ट मी धरणार नाही.

'भजन'बद्दल. ख्रिस्ती माणसाला भजन परकं आहे म्हणून मी ते टाळतोय असं कृपया समजू नका. नारायण वामन टिळकांच्या संग्रहाचं नाव 'अभंगांजली' आहे, आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजन-कीर्तन ऐकलेली माणसं भेटतील. उलट ते इतकं आपलं आहे म्हणूनच इथे नको. 'भजन' वाचताक्षणी वाचकाच्या कानात टाळ वाजतो, आणि कॅशच्या मागे वाजते ती गिटारची ठेक्यातली टक-टक. 'स्तोत्र'ही टाळा: एका वाचकाला रामरक्षा आठवेल, दुसऱ्याला बायबलातली स्तोत्रसंहिता, आणि दोघांचीही दिशाभूल होईल.

हिमसाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये जे गीतपुस्तक वापरतात त्याचं नाव 'उपासना संगीत'. माझ्या ओळखीच्या एका आजींच्या प्रतीची पाठ केव्हाच निखळली आहे, रबरबँड लावून ठेवतात. गाणं मात्र त्या आकड्याने सांगतात, 'अमुक नंबर काढ' म्हणून. त्या कधी गॉस्पेल म्हणत नाहीत, हिमही म्हणत नाहीत. 'गीत' म्हणतात. तेव्हा पुस्तकात बघून, उपासनेत उभं राहून म्हणायचं ते 'उपासनागीत'. तुमच्या लेखात पुढे कॅशच्या मृत्यूनंतरचा, २००४ साली स्वतंत्रपणे निघालेला अल्बमही येत असेल. आईच्या जुन्या पुस्तकातली गाणी, साथीला फक्त त्याची स्वतःची गिटार. तिथे 'आईच्या गीतपुस्तकातली उपासनागीतं' बेलाशक लिहा.

पण जिथे संगीताचा प्रकार सांगायचाय, बाजारातला कप्पा सांगायचाय, तिथे 'गॉस्पेल' तसाच राहू द्या. जॅझला आपण मराठी शोधत बसलो नाही, कव्वालीलाही नाही. फक्त पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी 'ख्रिस्ती भक्तिगीतं' असं घाला, म्हणजे नवख्या वाचकाला वाट सापडेल. नंतर पुन्हा पुन्हा समजावू नका.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'कंट्री गायक म्हणून नाव झालेल्या जॉनी कॅशने १९५९ साली गॉस्पेलचा, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा, अल्बम काढला.' आणि सॅम फिलिप्सचं वाक्य पुढे आलंच, तर 'गॉस्पेल खपत नाही' एवढंच.